सेक्टर बावीसचे महाराज

वासुकाका पेडणेकर तोंडाला रंग घरीच लावतात. चंदीगडच्या सेक्टर बावीसमध्ये एका मिठाईच्या दुकानावर त्यांची भाड्याची खोली आहे. तिथे पहाटे पाचला आरसा घेऊन बसतात, दीड तासात राजा होतात आणि तसेच जिना उतरून, समोशांच्या कढईपाशी दोन मिनिटं थांबून, चालत सेक्टर सतराच्या बसअड्ड्यावर येतात. अंगात शर्ट, पँट आणि बिनबाह्यांचा स्वेटर. मानेच्या वर मात्र पूर्ण महाराज. गालांवर पांढरा सफेदा आणि त्यावर गुलाबी छटा, भुवया कानांपर्यंत ओढलेल्या, मिशा काजळाच्या, हातातल्या पिशवीतून मुकुटाचं टोक वर आलेलं.

पहिल्या दिवशी पिंजौरच्या बसमध्ये कंडक्टरने त्यांना विचारलं, "बाबाजी, किधर?"

"पिंजौर नगरी," वासुकाका भरल्या आवाजात म्हणाले.

"नगरी का टिकट नहीं होता बाबाजी. अड्डे का होता है."

मी मागच्या सीटवर होतो. आम्ही डोंगरातल्या एका शाळेत नाटक करायला निघालो होतो. आमच्या मराठी मंडळाच्या गणपतीत या माणसाला मी सहा वर्षं पाहत आलो होतो. आरतीला झांज वाजवायची, प्रसादाचं ताट हातात आलं की कोपऱ्यात जाऊन उभं राहायचं, कोणी काही विचारलं तर "हो, हो" म्हणायचं. एवढंच. त्या सकाळी मी त्यांना ओळखलं ते स्वेटरवरून. शाळेत जाऊन रंगलात तर नाही का चालणार, असं मी हळूच सुचवलं. ते म्हणाले, "राजा थंय जावन होणा नाय, जगतापानू. राजा घराकडसून निघता."

तिसऱ्या फेरीपासून तोच कंडक्टर त्यांच्यासाठी पुढची सीट राखून ठेवायला लागला.

वासुकाका सिंधुदुर्गाकडचे. विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागात ते काच फुंकणारे कारागीर होते. प्रयोगशाळेतल्या वाकड्यातिकड्या नळ्या, एकातून दुसरा निघणारे फुगे, हे सगळं ते ज्योतीवर काच धरून हाताने बनवायचे. चौतीस वर्षं नोकरी केली. निवृत्तीनंतरही इथेच राहिले, कारण गावाकडे जाण्यासारखं कोणी उरलं नव्हतं. लग्न केलं नाही. आजही चहाचा ग्लास हातात आला की तो आधी उजेडाकडे धरून बघतात, आणि चहावाल्याला त्याच्या ग्लासात कुठे ताण आहे आणि तो साधारण कधी तडकेल ते सांगतात. सेक्टर बावीसमधले दोन चहावाले त्यांना कागदी कपात चहा देतात.

काच तापली की थांबता येत नाही, हे त्यांच्या हाडात बसलं होतं. कुठल्याही कामाला त्यांचा एकच शेरा असायचा. "तापलाहा. आता थांबाक नको." मंडळाच्या सभेत एखादा ठराव मंजूर झाला की ते लगेच उठून चपला घालायचे. ठरावाची अंमलबजावणी पुढच्या तिमाहीत आहे, हे त्यांना दारातून परत बोलावून सांगावं लागायचं.

आणि तरुणपणी गावाकडे ते दशावतारात राजपार्ट करत. हे आम्हाला कोणालाच माहीत नव्हतं. ते कळलं अनुदानामुळे.

झालं असं की दिल्लीच्या एका न्यासाने योजना जाहीर केली. ज्या शाळांपर्यंत नाटक, गाणं, चित्र असं काहीच जात नाही, तिथे ते नेणाऱ्या सांस्कृतिक संस्थांना दोन वर्षं अनुदान. आमचं मंडळ म्हणजे गणपती, संक्रांतीचं हळदीकुंकू आणि पुरणपोळ्या. पण अध्यक्षांना योजना आवडली. मी मंडळाचा चिटणीस. मूळचा सांगलीचा, नोकरी सरकारच्या आकडेवारी खात्यात, बदलीवर इथे येऊन सात वर्षं झालेली. फॉर्म भरायला मला आवडतं, हे सगळ्यांना ठाऊक आहे. चौतीस पानांचा फॉर्म माझ्याकडे आला. सातव्या पानावर विचारलं होतं, आपली कला कोणती? मी सभेत विचारलं. तेव्हा कोपऱ्यातून वासुकाका म्हणाले, "दशावतार चलात?"

अर्ज मंजूर झाला. पिंजौरच्या वर, डोंगरातल्या बारा सरकारी शाळा. आमच्या हातात सगळ्यात मोलाची गोष्ट आली ती शिक्षण खात्याचं परवानगीपत्र. ते नसेल तर बाहेरच्या माणसाला शाळेत पाय ठेवता येत नाही, आणि ते न्यासाच्या योजनेपुरतंच मिळतं.

एकच अडचण होती. अर्जासोबत संहिता जोडायची होती, आणि दशावताराला संहिता नसते. गोष्ट ठरलेली असते, बोलणं त्या त्या वेळी सुचेल तसं. समोरचा काय बोलतो त्यावर आपण काय बोलायचं ते ठरतं. मी वासुकाकांकडे चार संध्याकाळी जाऊन बसलो, की तुम्ही बोला, मी लिहून घेतो. पहिल्या दिवशी राजा शिकारीला गेला. दुसऱ्या दिवशी मी तेच पुन्हा म्हणायला सांगितलं तर तो शिकारीला गेलाच नाही, घरी पोट दुखत होतं म्हणून झोपला. मी म्हटलं, काका, काल तर वेगळं होतं. त्यांनी माझ्याकडे फार केविलवाणं बघितलं. "लिवलेला बोलणा म्हणजे काल जेवलेला परत जेवणा."

शेवटी मीच लिहिली. चाळीस मिनिटांची, हिंदीत. शिकारीत वाट चुकलेला राजा एका गावात येतो, गावकरी त्याला झाडांचं आणि पाण्याचं महत्त्व सांगतात, अशी. गावकरी म्हणजे शाळेतली मुलं. त्यांच्यासाठी मी तीन ठिकाणी जागा ठेवली होती. टाइप केलेली पानं माझ्या मुलीने चाळली आणि विचारलं, "पापा, बच्चे तीनों बार सिर्फ 'महाराज की जय' बोलते हैं?" ती घरात मराठी ऐकते आणि उत्तर हिंदीत देते. मी म्हटलं, वेळ मर्यादित आहे.

प्रधानाचं काम मी स्वतःकडे घेतलं, कारण मला चार वाक्यं पुरेशी होती आणि हातात संहिता धरता येत होती. पेटीवर रुग्णालयातले एक मराठी भूलतज्ज्ञ बसायचे. ते वाजवतानाही पेटीकडे न बघता श्रोत्यांच्या श्वासाकडे बघत.

अकरा शाळा सुरळीत झाल्या. वासुकाका माझी वाक्यं बोलायचे, पण एखादा चांगला स्वयंपाकी दवाखान्यातली खिचडी वाढेल तसे. मुलं जय म्हणायची. मी मुलं मोजायचो. चाळीस मिनिटं कधी बेचाळीस झाली नाहीत.

बारावी शाळा शेवटची होती. जीपचा रस्ता संपल्यावर एक किलोमीटर सातशे मीटर चढ. एक शिक्षक, तेवीस मुलं, पत्र्याचं छप्पर, फेब्रुवारीचं ऊन. राजा आला. वाट चुकला. दुसऱ्या पानावर त्याने विचारायचं होतं, हे गाव कोणतं? त्याऐवजी तो मुलांच्या अगदी जवळ जाऊन बसला आणि म्हणाला, "बोलो प्रजाजन. हमारे राज में किसको क्या दुख हा?"

मी पान उलटलं. असं काही नव्हतं.

एक मुलगी उभी राहिली. पाचवीतली, नाव पूनम. "महाराज, मुझे है."

"बोल."

"पाँचवीं के बाद पापा स्कूल नहीं भेजेंगे. नीचेवाला स्कूल दूर है."

महाराज माझ्याकडे वळले. "प्रधानजी, आपका क्या कहना हा?"

माझ्या चार वाक्यांपैकी एकही तिथे बसत नव्हतं. मी म्हटलं, "जी महाराज." मुलं हसली. त्यांना वाटलं, प्रधान मूर्ख दाखवायचा आहे.

मग राजाने तिची उलटतपासणी घेतली. शिकून काय करणार? रस्त्यात कुत्रा आला तर? पाऊस आला तर? ती प्रत्येकाला उत्तर देत गेली आणि शेवटी तिनेच विचारलं, "महाराज, आप कितना पढ़े हो?"

"सातवीं."

"तो मैं आपसे एक ज़्यादा पढ़ूँगी."

वासुकाका असे हसले की मुकुट सरकला. सहा वर्षांत मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं. मग बाकीची मुलंही उठली. कोणाची बकरी हरवली होती, कोणाचा भाऊ मारत होता, एकाचं म्हणणं होतं की मास्तरजींची बदली होऊ देऊ नका. मास्तरजी भिंतीला टेकून ऐकत होते. राजाने सगळ्यांचे निवाडे केले, आणि पूनमला सांगितलं की एकाच बाजूचं ऐकून राजा न्याय देत नाही. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात इथेच पुन्हा दरबार भरेल, तेव्हा बापाला घेऊन ये. दुसऱ्या वर्षाच्या फेऱ्या तेव्हाच सुरू होणार होत्या, सहावीचे प्रवेशही तेव्हाच.

"पक्का?" तिने विचारलं.

"राजा का वचन."

एक तास पन्नास मिनिटं झाली होती. भूलतज्ज्ञांनी पेटी कधीच मिटली होती आणि ते जमिनीवर मुलांत जाऊन बसले होते.

मास्तरजी म्हणाले की मुलीचं घर खालीच आहे, दहा मिनिटांवर, बाप या वेळी घरीच असतो. वासुकाका रंगलेल्या तोंडाने निघालेच. "तापलाहा, जगतापानू. आता थांबाक नको." तीन वाजून दहा मिनिटं झाली होती, जीप चारपर्यंत ठरलेली, आणि परवानगीपत्रात स्पष्ट लिहिलं होतं, शाळेचं आवार. मी त्यांना पत्र दाखवलं. ते थांबले. राजा माझ्या मागून चढण उतरला.

त्या दिवशी मी त्यांना जाऊ दिलं असतं तर हा लेख लिहावा लागला नसता.

महिनाअखेरीस न्यासाचा अहवाल भरायचा होता. चौदावा प्रश्न, सर्व प्रयोग मंजूर संहितेप्रमाणे झाले का? होय किंवा नाही. मी 'नाही' लिहिलं. पुढे तपशिलाला जागा होती, म्हणून बाराव्या प्रयोगातले फरक लिहून जोडले. एकवीस निघाले. मी कोणतंही खोटं विधान आजवर सहीखाली केलेलं नाही. तेव्हा मला जरा अभिमानच वाटला होता. तेवीस मुलांपैकी सतरा बोलली, हे मात्र लिहिलं नाही. तसा रकाना नव्हता.

तीन आठवड्यांनी सभ्य भाषेतलं पत्र आलं. संहितेपासून मोठी फारकत झाल्याने दुसऱ्या वर्षासाठी आमचा विचार करता येत नाही. मी ते पत्र जेवणाच्या टेबलावर ठेवलं. बायकोने वाचलं, माझी जोडलेली यादीही वाचली. ती म्हणाली, "'नाही' लिहिलंत ते ठीक. खरं होतं ते. पण हे एकवीस कोणी मागितले होते?"

वासुकाकांना सांगायला मी त्यांच्या खोलीवर गेलो. दुसरा कोणी असता तर माझ्यावर चिडला असता. मला ते सोपं गेलं असतं. त्यांनी पत्र उजेडाकडे धरून पाहिलं, ग्लास बघतात तसं, आणि एवढंच विचारलं, "मगे दरबार?"

मी म्हटलं, शाळेत आता जाता येणार नाही.

"मगे तिच्या घराक जातंय. रंग लावन."

मी पुन्हा अडवलं. कारणं अगदी रास्त होती. सोबत कसलंही पत्र नसताना तोंड रंगवलेला म्हातारा परगावच्या घरी जाऊन तिथल्या मुलीची चौकशी करतो, याचा लोक काय अर्थ काढतील? पोलीसही बोलावतील. मी म्हटलं, आपण दोघं साध्या माणसांसारखे जाऊ, बापाशी साधं बोलू. दोन वाक्यांचं काम आहे. त्यांनी बराच वेळ आरशाकडे पाहिलं आणि होकाराची मान हलवली.

एप्रिलच्या पहिल्या रविवारी आम्ही गेलो. वासुकाकांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता, दाढी गुळगुळीत केली होती. कंडक्टर तोच होता. त्याने मान वर न करता तिकिटं फाडली. पुढची सीट रिकामी होती, आम्ही मागे बसलो.

पूनमचा बाप रामकिशन, चाळिशीचा, शांत माणूस. शेतात गहू कापणीला आला होता, तरी त्याने खाट टाकली, पाणी दिलं, चहा सांगितला. मास्तरजींच्या ओळखीने आलो, असं मी म्हटलं आणि थांबलो. पुढचं वासुकाकांनी बोलायचं, असं ठरलं होतं. वचन त्यांचं होतं. दुसऱ्याच्या कामात मी तोंड घालत नाही.

वासुकाका गुडघ्यांवर हात ठेवून बसले होते. एकदा घसा खाकरला. रामकिशन पुढे झुकला. वासुकाका म्हणाले, "हवा अच्छी हा."

"हाँ जी," रामकिशन म्हणाला. "पानी भी है. साल भर रहता है."

पूनम चहा घेऊन आली. तिने मला ओळखलं नाही, ते साहजिक होतं. प्रधानाकडे कोण बघतं? पण तिने वासुकाकांपुढे कप ठेवला, त्यांच्या तोंडाकडे नीट पाहिलं, आणि तशीच आत गेली. त्यांचे ओठ हलले होते. आवाज आला नाही. पावणेदोन तासांच्या दरबारात ज्याला एक शब्द शोधावा लागला नव्हता, त्या माणसाच्या मानेवर घाम आला होता.

मी पाहत होतो. दोन वाक्यं मला येत होती. अंतर, वेळ, खालच्या शाळेतल्या मुलींची संख्या, सगळं मी आदल्या दिवशी काढून ठेवलं होतं, कागद खिशात होता. तरी मी बोललो नाही. वाटलं, आता बोलतील, आता बोलतील. पंचवीस मिनिटांनी आम्ही उठलो. रामकिशन थोडा गोंधळला होता. बांधापर्यंत सोडायला आला आणि म्हणाला, "सोच के बताना जी."

काय सोचायचं, ते मला कळलं नाही.

उताराला वासुकाका माझ्या पुढे चालत होते. जीपपाशी आल्यावर वळले. "रंग नाय तर शबुद नाय," म्हणाले. "माका वाटला, जमात."

परतीच्या बसमध्ये त्यांनी भावाचं सांगितलं. सहा वर्षांत पहिल्यांदाच ते एवढं सलग बोलले, तेही खिडकीकडे बघत. भिवा त्यांचा मोठा भाऊ, राक्षसपार्ट करायचा. दोघांचं काहीतरी बिनसलं, कशावरून ते आता त्यांनाही नीट आठवत नाही, आणि घरात अबोला सुरू झाला. नऊ वर्षं एकाच चुलीवरचं जेवले आणि एकमेकांशी बोलले नाहीत. पण कंपनी एकच. जत्रेच्या दिवसांत गावोगाव, रोज समोरासमोर उभे. राजा विचारायचा, हे दैत्या, तुझी माता पुष्कळ दिवस खोकत आहे असं ऐकतो, तिला वैद्याकडे का नेली नाहीस? राक्षस गदा आपटून म्हणायचा, मूर्खा, परवाच नेली, वैद्याने काढा दिलाय, तो रोज देणं तुझ्याच्याने होईल का? प्रेक्षक टाळ्या वाजवायचे. आईची औषधं, घराची कौलं, वासुकाकांची चंदीगडची नोकरी, सगळं त्यांनी असंच ठरवलं.

"जा काय बोललव, ता रंग लावनच," वासुकाका म्हणाले.

ते इकडे आले, भिवा तिकडे वारला. त्यानंतर समोरून उलट उत्तर करणारं कोणी उरलं नाही. त्या शाळेत त्या मुलीने विचारलं, आप कितना पढ़े हो, तेव्हा त्यांना काय झालं असेल याचा मी बस पंचकुल्याला पोचेपर्यंत विचार करत होतो. माझ्या यादीत तो फरक क्रमांक अकरा होता.

मेच्या शेवटी मी मास्तरजींना फोन केला. पूनमचं नाव खालच्या शाळेत लागलं नव्हतं. तिला मावशीकडे पाठवलं होतं, मावशीचं बाळ सांभाळायला. मग मास्तरजी जरा संकोचून म्हणाले की रामकिशन विचारत होता, ते दोघे शहरातून आले होते, त्यांना जमीन पसंत पडली नाही का?

मला काही क्षण उलगडलं नाही. मग हवा, पाणी, सोच के बताना, सगळं एकदम समजलं. त्या बाजूला शहरातली माणसं जमीन बघायला येतात. खाटेवर बसतात, हवेचं कौतुक करतात, भाव बोलत नाहीत. तो बिचारा पंचवीस मिनिटं आमच्या भावाची वाट बघत होता.

"आप एक बार बोल देते जी," मास्तरजी म्हणाले. "बुरा आदमी नहीं है. शायद मान जाता."

हे सगळं मी वासुकाकांना जसंच्या तसं सांगितलं. सांगायला नको होतं, असं बायकोचं म्हणणं पडलं. पण मला अर्धवट सांगता येत नाही. जमिनीचं ऐकून ते थोडे हसले. मावशीचं ऐकल्यावर उठून खिडकीशी गेले आणि खालच्या रहदारीकडे बघत उभे राहिले. मी निघतो म्हटलं तरी वळले नाहीत.

पुढच्या मंगळवारी मी पुन्हा गेलो. का गेलो, ते नक्की सांगता येणार नाही. मी म्हटलं, काका, प्रवेश दर एप्रिलला असतात. तिचं एक वर्ष गेलं, ते आता कोणाच्याने परत येणार नाही. पण या वेळी तुम्ही रंग लावून चला. मास्तरजी आधी घरी सांगून ठेवतील, मी सोबत असेन, लोक काय म्हणतील ते मी बघतो. फक्त बोलणं नीट व्हायला हवं, तर आजपासून तयारी करू. तुम्ही राजा. मी रामकिशन.

"तुमी उलट बोलतलात?" त्यांनी संशयाने विचारलं.

प्रयत्न करतो म्हटलं.

तेव्हापासून मंगळवारी ऑफिस सुटलं की मी तिकडे जातो. ते रंगून तयार असतात. मी पत्र्याच्या ट्रंकेवर बसतो आणि बाप होतो. राजा हिंदीत बोलतो, मी मात्र मराठीतच. सुरुवातीला मला "जी महाराज" सोडून काही सुचायचं नाही, आणि ते रागाने मुकुट काढून ठेवायचे. हळूहळू येऊ लागलं. हातात कागद नसताना बोलण्याची मला सवय नाही, पण बाप काय विचारेल ते मला समजतं, कारण मलाही मुलगी आहे. राजा विद्येची थोरवी सांगायला लागतो, सरस्वती आणतो, राजमार्ग आणतो. मी म्हणतो, महाराज, राजमार्ग नाही तिथे. पायवाट आहे, मध्ये एक नाला आहे, तो पावसात छातीएवढा होतो. ते नाल्यावर साकव घालायचं वचन देतात. मी म्हणतो, तुमचं मागचं वचन काय झालं? त्यावर त्यांचे डोळे चमकतात. राग आला की आनंद झाला, रंगाखाली कळत नाही.

गेल्या मंगळवारी मी त्यांना बरंच अडवलं. माझ्या प्रत्येक प्रश्नाला ते उत्तर काढत होते. मीही तापलो होतो. शेवटी मी विचारलं, "महाराज, सगळं मान्य. सकाळी ती बाकीच्या पोरांबरोबर जाईल. पण थंडीत साडेपाचला अंधार पडतो. संध्याकाळी तिला परत कोण आणणार?"

महाराजांनी मुकुट सारखा केला. खालून कढईचा आवाज येत होता. त्यांनी भरला आवाज लावला नाही, हिंदीही बोलले नाहीत.

"मी हाडतलंय," म्हणाले.

एकाहत्तर वर्षं वय. उजव्या गुडघ्याला पट्टा. बसने पिंजौर, तिथून जीप, पुढे खालच्या शाळेपासून वरच्या घरापर्यंत दीड तास चढ, आणि परत. रोज. आठवड्यातून सहा दिवस. सगळे आकडे माझ्यासमोर उभे होते आणि एकही जुळत नव्हता. महाराज ट्रंकेकडे तोंड करून, उत्तराची वाट बघत बसले होते.